बाबा घड्याळाकडे का बोट दाखवायचे

माझ्या धाकट्या भावाला घरात कुणी नावाने हाक मारत नाही. तो ओळंबा. भिंत सरळ उभी राहतेय का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. नाव बाबांनी ठेवलं. बाबा फरश्या बसवायचे, जन्मभर तेच केलं, आणि हा पोरगा सहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या मागे उभा राहून कुठली फरशी केसभर वर आलीय ते सांगायचा. बरोबर सांगायचा, म्हणून राग जास्त यायचा. मोठा झाला तरी खोड गेली नाही. माझ्याकडे आला की पाणी प्यायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतो.

त्याची नोकरीही त्याच्यासारखीच आहे. मोठमोठी दुकानं, दवाखाने, शाळा यांची कामं इंटरनेटवरून ज्या यंत्रांवर चालतात, ती यंत्रं त्याची कंपनी सांभाळते. त्या यंत्रांच्या तोंडाशी एक दारवान असतो, त्याला लोड बॅलन्सर म्हणतात. आलेल्या माणसाला ज्या यंत्राकडे गर्दी कमी असेल तिकडे पाठवायचं, एवढंच त्याचं काम. पण या दारवानाला वीस-बावीस नियम लावून द्यावे लागतात. नोंदवही ठेवायची की नाही, चुकून कुणी त्यालाच पुसून टाकू नये म्हणून कुलूप लावायचं की नाही, कुणी आत येऊन गप्प बसलं तर किती वेळ वाट बघायची. हे नियम विचारायला आणि बदलायला प्रोग्रामिंगची एक लायब्ररी असते, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला तयार कोड. हे सगळं त्याने मला जेवताना डबे मांडून समजावलं होतं, आणि समजावून झाल्यावर डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले.

त्या लायब्ररीचा आधार घेऊन ओळंब्याने स्वतःचं एक अवजार बनवलं होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दारवानाला दर महिन्याला सगळे नियम विचारायचे आणि अहवाल काढायचा. पूर्वी तो बावीस ओळींचा यायचा आणि कुणी वाचायचं नाही. याने काय केलं, जे नियम कुणी मुद्दाम ठरवलेत तेवढेच दाखवायचे आणि जे मुळात होते तसेच राहिलेत ते गाळायचे. बावीस ओळींच्या तीन झाल्या. साहेब खूश झाले, सगळ्या कंपनीत तोच अहवाल सुरू झाला, आणि आमचा ओळंबा आठवडाभर जमिनीला पाय टेकवत नव्हता.

मग बाबांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. पेपर वाचायचे, बातमी ऐकून मान हलवायचे, मी भाजीत मीठ विसरले तर माझ्याकडे बघायचे. पण शब्द तोंडापर्यंत येईना. डॉक्टर म्हणाले, पहिले काही महिने महत्त्वाचे, या दिवसांत रोज सराव झाला तर बरंच परत येईल, नंतर मात्र हळूहळू दार मिटत जातं. त्यामुळे आमचा जीव त्या महिन्यांवर टांगलेला होता.

ओळंब्यानेच केंद्र शोधलं. तिथे घरबसल्या टॅबलेटवर वाचेचा सराव करून घ्यायचे. स्क्रीनवर चित्र यायचं, आवाज विचारायचा, हे काय आहे, आणि रुग्णाने बोलून उत्तर द्यायचं. टॅबलेट ते बरोबर की चूक तेवढं सांगायचा, आणि उत्तर केंद्रातल्या वाचातज्ज्ञ बाईंकडे जायचं. एकेका बैठकीला वीस प्रश्न. जागा मिळणं कठीण होतं, पण या केंद्राची यंत्रं ओळंब्याच्याच कंपनीकडे होती, त्यामुळे त्याला त्यांची ओळखही होती आणि भरवसाही. "ताई, तिथलं काम चोख आहे," तो म्हणाला, "दर महिन्याचा अहवाल मीच काढतो." नाव घालायच्या दिवशीही त्याने काढून बघितला होता. तीन ओळी, सगळं ठीक.

बाबा माझ्याकडे राहायला आले. रोज सकाळी अकराला मी त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायची, समोर टॅबलेट ठेवायची आणि पलीकडच्या खोलीत शिलाई मशीनवर जाऊन बसायची. बाईंनी बजावलं होतं की घरच्यांनी शेजारी बसायचं नाही, शब्द सुचवायचा नाही, रुग्णाला एकट्यालाच धडपडू द्यायचं. मी सूचना पाळणारी बाई आहे. दारसुद्धा ओढून घ्यायची.

पहिल्याच दिवशी पाच मिनिटांत टॅबलेटची घंटी वाजली. जाऊन बघते तर स्क्रीनवर लिहिलेलं, बैठक संपली, धन्यवाद. वीस प्रश्नांतले दोन झाले होते. मला वाटलं बाबांचा हात लागून बंद झालं असेल. दुसऱ्या दिवशी पहिल्याच प्रश्नाला बंद. तिसऱ्या दिवशी तेच. बाबांचा स्वभाव मला माहीत होता. त्यांना शिकवलेलं कधी सोसलं नाही, आणि आता तर बालवाडीतल्या पोरासारखं चमचा आणि कंगवा ओळखायला लावलं होतं. मी समजूत घातली. मग रागावले. एकदा तर त्यांच्या हातातून टॅबलेट हिसकावून घेतला आणि म्हटलं, तुम्हाला बरंच व्हायचं नाहीये. हे मी माझ्या बापाला म्हणाले, ज्याला उलटून बोलता येत नव्हतं.

ते एकच करायचे. डावा हात उचलून समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवायचे.

मी वेळ सांगायची. अकरा वाजून सात मिनिटं झाली, बाबा. ते मान हलवायचे, नाही नाही, आणि परत तिकडेच बोट. मला वाटलं भूक लागली असेल. जेवण अर्धा तास लवकर करायला लागले. तरी बोट घड्याळाकडेच. मग वाटलं, हे सारखे किती वाजले तेच बघत बसतात, लक्ष लागणार कसं. तिसऱ्या आठवड्यात मी स्टूल घेतलं आणि घड्याळ खिळ्यावरून काढून माझ्या खोलीत नेऊन ठेवलं. बाबांनी स्टुलाची कड डाव्या हाताने घट्ट धरली होती. मी बोटं सोडवली. त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून बसले आणि संध्याकाळपर्यंत वळले नाहीत.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी वाचातज्ज्ञ बाईंचा फोन आला. बोलायला गोड होत्या, पण बातमी वाईट होती. एकेचाळीस बैठकांपैकी अडतीस रुग्णाने मधेच सोडल्या आहेत, अशी नोंद होती. पुऱ्या झालेल्या तीनही कशा, तर ज्यांत बोलायचं नव्हतं, नुसतं चित्राला बोट लावायचं होतं. बाहेर माणसं वाट बघतायत, ज्यांचं मन लागत नाही त्यांची जागा अडवून ठेवता येत नाही. शनिवारी नाव कमी करणार. मी म्हटलं, ते हट्टी आहेत पण वाईट नाहीत. बाई म्हणाल्या, रुग्ण वाईट कधीच नसतात.

मी ओळंब्याला फोन केला आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच आला. कॅलेंडर वाकडं होतं, त्याकडे बघितलंही नाही. चप्पल काढता काढताच बाबांना बोलायला लागला. ओरडला नाही, तो ओरडत नाही, पण एकेक शब्द मोजून टाकत होता. इतकी माणसं रांगेत आहेत, तुम्हाला जागा मिळाली, ताई तुमच्यासाठी स्वतःची कामं मागे टाकते आणि तुम्हाला वीस प्रश्नांपुरतंसुद्धा बसवत नाही. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग तो म्हणाला, आज मी शेजारी बसणार, नियम गेला खड्ड्यात, बघू कसं बंद करता. नियम खड्ड्यात गेला असं त्याने आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेल.

अकराला त्याने टॅबलेट चालू केला. मीही दारात उभी राहिले. पहिलं चित्र कुलपाचं होतं. आवाजाने विचारलं, हे काय आहे. आणि बाबांनी चित्राकडे बघायच्या ऐवजी झटकन डावा हात पुढे केला आणि ओळंब्याचं मनगट पकडलं. त्याच्या मनगटावर काट्यांचं जुनं घड्याळ असतं. बाबांनी त्याच्या काचेवर तर्जनी टेकवली, सेकंदकाटा होता बरोबर तिथे. तेव्हा तो चाराच्या आकड्यावर होता.

ओळंबा म्हणाला, बाबा, इकडे लक्ष द्या. बाबांनी मनगट सोडलं नाही. सेकंदकाटा पुढे गेला, बोट चारावरच राहिलं. काटा सहावर आला, नवावर आला, बारावर आला. काटा दोनावर आला. मला अजून काही उमगलं नव्हतं, पण ओळंब्याच्या मानेची शीर ताठ झालेली मला दारातून दिसली. काटा फिरून परत बाबांच्या बोटाखाली आला आणि टॅबलेटची घंटी वाजली. बैठक संपली, धन्यवाद.

बाबांनी बोट उचललं आणि काचेवर दोनदा वाजवलं, फरशी पोकळ बसलीय का बघायला वाजवायचे तसं.

ओळंब्याच्या तोंडाचा रंग उडाला. मी त्याला चक्कर येतेय असं समजून पाणी आणायला वळले. तो म्हणाला, "ताई, साठ. बरोबर साठ."

त्याने तिथेच जमिनीवर बसकण मारली, पिशवीतून लॅपटॉप काढला आणि आधी स्वतःचा अहवाल काढला. तीन ओळी. सगळं ठीक. तो त्या तीन ओळींकडे कितीतरी वेळ बघत राहिला. मग अवजार बाजूला ठेवून त्याने लायब्ररीलाच सरळ विचारलं, काही न गाळता. बावीस ओळी आल्या. त्यातल्या एकीवर बोट ठेवून तो मला दाखवायला लागला. आत आलेला माणूस काहीच बोलला नाही तर दारवानाने किती वेळ थांबायचं, तो नियम. पुढे आकडा होता, साठ सेकंद. टॅबलेट उत्तर पूर्ण झाल्याशिवाय आवाज पुढे पाठवत नव्हता. माणूस शब्द शोधत गप्प बसला की दारवानाला वाटायचं पलीकडे कुणी नाही, आणि तो जोडणी तोडायचा. जोडणी तुटली की केंद्राची वही आपोआप लिहायची, रुग्णाने बैठक सोडली.

मी विचारलं, हे साठ कुणी ठरवलं.

"कुणीच नाही," तो म्हणाला. "कुणी काही ठरवलं नाही की साठ असतं. आणि जे कुणी ठरवलं नाही ते मी दाखवतच नव्हतो."

केंद्र सुरू होताना त्याच्या कंपनीतल्या पाच-सहा जणांनी ते सगळं वापरून बघितलं होतं. कुलूप, चमचा, कंगवा, दोन-दोन सेकंदांत उत्तरं दिली होती. साठ सेकंद गप्प बसून बघावं असं कुणाला सुचलं नाही. ज्यांची वाचा गेलीय त्यांच्यासाठी बांधलेलं ते दार, आणि गप्प कुणी बसलंच नव्हतं.

साहेबांना फोन करून त्याने आधी सांगितलं आणि मग तो आकडा बदलला. एक ओळ लिहावी लागली. साठाचे सहाशे केले. हे सगळं दहा मिनिटांत झालं, आणि मी सहा आठवडे मोजत उभी राहिले. संताप नेमका कुणावर काढावा ते कळेना. त्याच्यावर काढला असता, पण घड्याळ भिंतीवरून मी उतरवलं होतं.

खरा धक्का अजून यायचा होता. टॅबलेट तपासताना ओळंब्याला आत एक जागा सापडली. प्रश्न आला की टॅबलेट आवाज टिपायला लागायचा आणि पान बंद होईपर्यंत टिपत राहायचा. जोडणी तुटलेली असली की तो आवाज पुढे जायचा नाही, आतच पडून राहायचा. आजचा सोडून, न गेलेले अडतीस आवाज होते. त्याने पहिला लावला.

हे काय आहे, असं विचारलं गेलं. मग नुसती शांतता, मागे माझ्या मशीनची घरघर. बाबांचा श्वास ऐकू येत होता, मोठा, ओझं उचलताना घेतात तसा. घंटी वाजली. मशीन चालूच होती, मी शिवण पुरी करत असणार. आणि मग, घंटीनंतर वीस-एक सेकंदांनी, बाबांचा आवाज. जाडसर, तुटका, पण बाबांचाच. "कं...गवा."

ओळंब्याने दुसरा लावला, मग तिसरा. चमचा. खिडकी. कुठे बरोबर, कुठे अर्धं, कुठे नुसता धडपडलेला सूर, पण बहुतेकांत शब्द होता. प्रत्येक वेळी घंटीच्या नंतर. सहा आठवडे माझ्या बापाने बंद पडलेल्या स्क्रीनला उत्तरं दिली होती, आणि त्यानंतर प्रत्येक आवाजात मशीन थांबत होती, दार वाजत होतं आणि माझा आवाज येत होता. परत बंद केलंत ना. अकरा वाजून सात मिनिटं झाली, बाबा. लहान पोरांसारखं काय करता.

एका ठिकाणी प्रश्न होता, घरी तुमची काळजी कोण घेतं. शांतता, श्वास, घंटी. मग स्पष्ट, एका दमात, "ताई." मला ते लहानपणापासून ताईच म्हणतात. त्यानंतर मशीन थांबली आणि मी आत येऊन म्हणाले, तुम्हाला बरंच व्हायचं नाहीये.

ओळंब्याने हात पुढे करून बंद केलं. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांनी ते सगळं ऐकलं होतं, आता आणि तेव्हाही. मी त्यांच्या पायांशी जाऊन बसले, बोलायला शब्द येईनात. शब्द न येणं काय असतं ते मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. बाबांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि थोड्या वेळाने समोरच्या भिंतीतल्या रिकाम्या खिळ्याकडे बोट केलं.

वाचातज्ज्ञ बाईंना ओळंब्याने दुपारीच फोन केला. बाबांसाठी रदबदली त्याने केलीच नाही. म्हणाला, तुमच्या वहीत ज्यांनी बैठक सोडलीय, त्या सगळ्यांनी शेवटच्या प्रश्नानंतर किती सेकंदांनी सोडली ते मला द्या. संध्याकाळपर्यंत यादी आली. एकशे बारा माणसं, आणि वेळेच्या रकान्यात खालपर्यंत साठ, साठ, साठ. त्यातल्या एकोणतीस जणांची नावं आधीच कमी झाली होती. कुणाच्या पुढे लिहिलं होतं, प्रेरणेचा अभाव. कुणाच्या पुढे, कुटुंबाचं सहकार्य नाही. त्याने साहेबांना आणि केंद्राला पत्र लिहिलं, अहवालातून ती ओळ मी गाळली, असं स्वतःचं नाव घालून. साहेब म्हणाले, आपल्या अवजाराने असं लिही. त्याने 'मी' हा शब्द तसाच ठेवला. बाई म्हणाल्या, त्या एकोणतीस जणांना मी स्वतः फोन करते, पण त्यांतल्या काहींचा झटका येऊन वर्ष उलटलंय. त्या पुढे काय म्हणणार होत्या ते आम्हाला डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला बाबा खुर्चीत बसले. घड्याळ खिळ्यावर परत लावलं होतं. ते थोडं डावीकडे कललेलं होतं, पण ओळंब्याने हात लावला नाही. आम्ही दोघं पलंगावर बसलो, शब्द सुचवायचा नाही म्हणून तोंडं मिटून. स्क्रीनवर खुर्चीचं चित्र आलं. आवाजाने विचारलं, हे काय आहे.

बाबांनी चित्राकडे एकदा बघितलं आणि नजर घड्याळाला लावली. सेकंदकाटा निघाला. ओळंब्याने डोळे मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते, मोजत होता. पन्नास. पंचावन्न. साठाला मी पलंगाची कड धरली. घंटी वाजली नाही. काटा पुढे गेला. खुर्ची स्क्रीनवर तशीच होती. काटा अजून पुढे गेला, पाऊण फेरा झाला, आणि बाबांनी घड्याळावरची नजर काढून टॅबलेटकडे बघितलं. अजून चालू आहे यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता, ते तोंडावर सरळ दिसत होतं.

"था...ंबलं," ते म्हणाले. "आपल्यासाठी."

टॅबलेटने दोन क्षण घेतले आणि सांगितलं, उत्तर चुकलं, पुन्हा प्रयत्न करा. ओळंबा, ज्याला आयुष्यात एक वाकडी ओळ खपली नाही, तोंडावर हात धरून हुंदके देत होता. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग खुर्चीच्या चित्राकडे, आणि पुढचा शब्द शोधायला लागले. आम्ही थांबलो.